आक्काच्या लग्नातला पलंग

आमच्या आबांना एक वाईट खोड होती. जुनं लाकूड नवं करून द्यायचं, आणि मग ते आधी किती भिकार होतं हे चारचौघांत सांगायचं. त्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. गिऱ्हाइकाच्या घरी खुर्ची पोचवली, की गपचूप परत यावं ना? नाही. दारातच उभे राहायचे. "वळखू येती का? तीन पायांची व्हती ही. कोंबड्या बसायच्या हिच्यावर." गिऱ्हाईक कसनुसं हसायचं आणि आतून त्याची बायको डोकावून खुर्चीकडे संशयानं बघायची. आई म्हणायची, "देवानं तुमच्या हाताला गुण दिला आन् जिभेला हाड द्यायचं इसरला." तेव्हा आम्ही सगळे हसायचो, आबाही हसायचे. आता ती खोड आठवली की मला त्यांचा राग येतो. ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो.

आम्ही शिरूरला राहायचो, मिशनच्या आवारामागं, दोन खोल्यांच्या पत्र्याच्या घरात. आबा लहानपणी मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकले होते. पण नवं सामान करायचं तर आधी लाकूड विकत घ्यावं लागतं, आणि तेवढं भांडवल आमच्या घराण्यात कुणाच्या हाती कधी आलं नव्हतं. म्हणून ते जुनं घेत. दौंडला रेल्वेचे बंगले होते. त्यांतले गोरे आणि अर्धगोरे साहेब एकेक करून देश सोडून निघाले होते, आणि जाताना टेबलं, खुर्च्या, कपाटं मिळेल त्या भावानं काढून टाकत होते. आबा एसटीनं दौंडला जायचे, परवडेल ते उचलायचे आणि गूळ उतरवून रिकाम्या निघालेल्या एखाद्या ट्रकवर टाकून घरी आणायचे. मग महिनाभर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची.

काम किचकट, पण खर्च थोडा. जुना रंग काढायला चुना आणि धुण्याचा सोडा कालवून थापायचा. रंग फुगून आला की फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायचा. मग काचकागद, आधी जाडा, मग बारीक. शेवटी पॉलिश. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये घालून बाटली उन्हात ठेवायची, आणि ते विरघळले की कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून त्यानं हात द्यायचे. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. पगारी माणूस ठेवणं शक्यच नव्हतं. आम्ही दोघी बहिणी होतो, तेवढं पुरायचं. दारूबंदीचे दिवस होते. स्पिरिटच्या वासानं जाणारे-येणारे नाक वर करून घराकडे बघायचे, आणि रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब आबांच्या जवळून जाताना जरा थबकून श्वास घ्यायचे. आबांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. "आमच्या घरात लाकूड पितं, मी न्हाई," असं तेच सगळ्यांना सांगत सुटायचे.

आक्का माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. तिचं लग्न मांडवगण फराट्याच्या एका मास्तरांशी ठरलं. ते घरही आमच्यासारखंच ख्रिस्ती, दोन पिढ्यांचं. मागणं काही नव्हतं. पण आबांनी मनाशी घेतलं होतं, की पोरीला सागवानी पलंग द्यायचा. शिरूरच्या बाजारात नवा पलंग आबांनी दोनदा हात लावून पाहिला आणि दोनदा किंमत ऐकून परत आले. मग एका सकाळी मला म्हणाले, "चल दौंडला. बघू काय गावतंय."

त्या दिवशी साहेबांच्या बंगल्यांत काही मिळालं नाही. स्टेशनाकडे परत येताना एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या परसात एक पलंग उघड्यावर पडलेला दिसला. कुणीतरी त्याला हिरवा ऑइलपेंट फासला होता आणि वर कावळ्यांनी घाण केली होती. आबांनी खिशातला चाकू काढून खुराला, म्हणजे पलंगाच्या पायाला, जरा टोकरलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. जुना, पिकलेला साग होता. कातीव खूर, डोक्याकडे नक्षीची फळी. व्यापाऱ्याचा मुलगा बाहेर आला. आबांनी किंमत विचारली, तर तो म्हणाला, "किंमत कसली, घेऊन जा. उपकार होतील."

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील दुपारी जेवून त्या पलंगावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. "आमच्यात माणूस जायच्या आधी त्याला खाली जमिनीवर घेतात. वडिलांना घ्यायला वेळच मिळाला नाही. जीव पलंगावरच गेला. आता हा घरात ठेवता येत नाही आणि दुसरा कुणी घेत नाही."

"मी घेतो," आबा म्हणाले. "ख्रिस्ती हाय मी. आमच्यात तसलं कायबी नसतं. पण फुकट नेणार न्हाई."

तो मुलगा नको नको म्हणत होता आणि आबा पैसे पुढे करत होते. मला लाज वाटत होती. फुकट मिळतंय तर घ्यावं की! शेवटी आबांनी पैसे ओट्यावर ठेवले आणि पलंगाला हात घातला. ट्रकमध्ये पलंगाला टेकून बसल्यावर त्यांनी मला कारण सांगितलं. त्यांचे आजोबा गावकुसाबाहेरचे. गावात कुणी मेलं की मढ्यावरचं कापड, मेलेल्या माणसाचं अंथरूण त्यांच्या वाट्याला यायचं. "हक्क म्हनायचे त्याला," आबा म्हणाले. "तसला हक्क नको म्हनून आजा मिशनात आला. म्या आज पैशे देऊन घेतला. इकत घेतल्या वस्तूला काय इटाळ?" बोलताना ते इतके खूश होते, की वाटेत ट्रकवाल्यालाही त्यांनी सगळी हकिगत ऐकवली.

त्या पलंगावर आम्ही तिघांनी जितके कष्ट घेतले तितके दुसऱ्या कशावर घेतले नाहीत. हिरव्या रंगाखाली निळा निघाला, निळ्याखाली तपकिरी. नक्षीतला रंग काढायला आक्का बाभळीचा काटा घेऊन बसायची. सोड्यानं तिची बोटं सोलली. आई ओरडली, "हळदीला हातं कशी दाखवशील?" तर आक्का म्हणाली, "दाखवीन की. माझाच पलंग हाय." तिला तो कुठून आला हे माहीत होतं. आबांनी ते कुणापासून लपवलं असतं तर ना! पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. पॉलिशचे हात देताना ती गाणी म्हणायची. एवढं आनंदी मी तिला त्याआधीही पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच.

लग्न शिरूरच्या चर्चमध्ये झालं. दुसऱ्या दिवशी आम्ही पलंग घेऊन मांडवगणला गेलो. तो अंगणात उतरवला तेव्हा उन्हात असा झळकला, की शेजारच्या बाया पदरानं हात पुसून मग त्याला हात लावू लागल्या. मास्तरांची आई, म्हणजे आक्काची सासू, दोनदा म्हणाली, "इवाई, लई खर्च केला तुम्ही." एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? आबांनी नुसती मान डोलवली असती, तरी आक्काचा सगळा संसार त्या पलंगावर सुखानं झाला असता असं मला अजून वाटतं.

पण आबांच्यातला कारागीर गप्प बसेना. "खर्च कसला!" ते म्हणाले. "हिरवा रंग व्हता ह्याला. कावळे हागलेले. दौंडच्या एका म्हाताऱ्यानं ह्याच्यावर जीव सोडला, तवा त्याच्या घरच्यांनी भिऊन भाईर टाकला. आता सांगा, वळखू येतोय का?"

बायांनी हात मागं घेतले. मास्तरांची एक म्हातारी आत्या ओट्यावर बसली होती. ती आबांकडे बघत हळूच म्हणाली, "मढ्याचं अंथरूण घ्यायला नको, म्हनून तर आपण मिशनात आलो. तुम्ही त्यालाच पॉलिश करून पोरीला दिलं व्हय?"

"इकत घेतलाय, आत्याबाई!" आबा छाती काढून म्हणाले. त्यांना अजून कळलंच नव्हतं. मी आक्काकडे पाहिलं. नव्या नवरीनं मान खाली घातली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

सासू भली बाई होती. तिनं पलंग घरात घेतला, आतल्या खोलीत मांडला आणि तो विषय तिथंच मिटवला. वर्षभर सगळं ठीक चाललं. मग आक्काला मुलगा झाला. मी त्याला एकदाच पाहिलं, बाप्तिस्म्याच्या वेळी. मुठी घट्ट मिटून झोपायचा, आणि झोपेत कुणाशी तरी भांडल्यासारखा कपाळाला आठ्या घालायचा. आबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि पलंगावर बसून त्याला पलंगाची सगळी कुळकथा सांगितली. त्यालासुद्धा!

लेकरू दोन महिन्यांचं झालं आणि तापानं फणफणलं. मास्तरांनी वैद्य आणला, दौंडहून डॉक्टर आणायला माणूस पाठवला. डॉक्टर पोचायच्या आत आक्काच्या कुशीत, त्याच पलंगावर, ते गेलं. आम्ही पोचलो तेव्हा मास्तर अंगणात नुसते उभे होते. आबांनी स्वतःच्या हातानं त्याची पेटी केली, छोटीशी. तिला पॉलिश केलं नाही.

मातीहून परतताना गल्लीतल्या दोन बाया मागून चालत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "दौंडच्या म्हाताऱ्यानं पलंगाचं भाडं घेतलं." मी मागं वळून तिला काहीतरी वाईट बोलणार होते. आईनं माझं मनगट धरलं. आबांनी ऐकलं की नाही मला कळलं नाही. आक्कानं ऐकलं होतं.

पुढच्या महिन्यात मांडवगणहून बाजाराला आलेल्या एका माणसानं सांगितलं, की तुमच्या लेकीचा पलंग गोठ्यात पडलाय, वर कडबा रचलाय. आबांनी हातातला काचकागद फेकला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं निघालो. वाटभर ते स्वतःशीच बोलत होते. पवित्र शास्त्र वाचतात, रविवार पाळतात, आणि असली भुतं मानतात! पोरीला जमिनीवर निजवतात! त्यांनी सासूसाठी बोलायची वाक्यं ठरवून ठेवली होती, आणि घरात पाय टाकताच ती सगळी बोलून टाकली.

सासू शांतपणे ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्या न्हाई टाकला, इवाई. म्या नको म्हणत व्हते. तुमच्या लेकीनंच काढला. तिलाच इचारा."

आक्का आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. ती वाळून गेली होती. आबा तिच्यासमोर बसले. मी दाराशी उभी राहिले, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"आबा, मला ठावं हाय, तसलं काही नसतं," ती म्हणाली. "दिवसा चांगलं ठावं असतं. पण त्याच्यावर पाठ टेकली की वाटतं, मीच त्याला हितं निजवलं. सगळं ठावं असून निजवलं."

"आगं, तापानं गेलं लेकरू."

"व्हय. मास्तरबी तेच म्हनत्यात." तिनं आबांचा हात धरला. "तुम्ही न्या तो पलंग. न्या आन् तुम्ही निजा त्याच्यावर. रोज निजा. तुमचा इश्वास पक्का हाय, तुम्हाला कसलं भ्या न्हाई. नाताळला मी यीन. तवर तुम्ही त्याच्यावर निजलात आन् धड राहिलात, तर मला कळंल की पलंगात काही नव्हतं. माझं काही चुकलं न्हाई."

"निजतो," आबा म्हणाले. "आजपासनं निजतो. तू उगा मनात काही आणू नगंस."

आक्कानं त्या दिवशी थोडी भाकरी खाल्ली. मला वाटलं, झालं, एवढं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बैलगाडीत पलंग घालून आम्ही निघालो ते दिवेलागणीला घरी पोचलो. आईनं आतल्या खोलीत जागा करून ठेवली होती. आबांनी आणि गाडीवानानं पलंग उतरवला आणि अंगणातल्या लिंबाखाली ठेवला.

"आत घ्या ना," आई म्हणाली. "दव पडतंय. पॉलिश पांढरं हुईल."

"राहू दे आज भाईर."

दव लागून पांढरं पडलेलं पॉलिश म्हणजे आबांच्या दृष्टीनं पाप होतं. दुसऱ्याची साधी पाटी उघड्यावर दिसली तरी ते ती आत नेऊन ठेवायचे. पण पलंग त्या दिवशी बाहेर राहिला, आणि पुढचे सगळे दिवस राहिला. संध्याकाळी ते वाकळ काखेत मारून लिंबाखाली जायचे. पलंगाच्या भोवती फिरायचे. खुरावर हात ठेवायचे. मग वाकळ घेऊन परत यायचे आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर अंथरायचे. आई बघायची आणि तोंड फिरवून चूल सारवायला घ्यायची.

मला ते सहन होईना. एका संध्याकाळी मी त्यांना तोंडावर म्हटलं, "आक्काला कबूल केलंय तुम्ही."

"केलंय."

"मग?"

"डोकं म्हनतंय, काही नसतं," आबा म्हणाले. "अंग ऐकत न्हाई गं. त्या लेकराची पेटी म्या केली."

"मग मी निजते," मी म्हटलं, आणि पलंगावर चढून सरळ आडवी झाले. आबा एवढ्या जोरात धावत आले, की मला वाटलं पडतील. त्यांनी माझा दंड धरून मला खाली ओढलं. दंडावर त्यांची बोटं उमटली होती. "पुन्यांदा त्याच्यावर चढशील तर बघ!" ते ओरडले. त्यांच्या तोंडाला फेस आला होता. त्याआधी त्यांनी माझ्यावर कधी हात टाकला नव्हता. मग ते तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले. मीही रडले, पण रागानं. जगाला सांगत सुटलेला हा माणूस, आमच्यात तसलं काही नसतं म्हणून! आणि ज्या एका पोरीला त्याचं ते म्हणणं खरं असायला हवं होतं, तिच्याच वेळी त्याची छाती होईना.

नाताळ जवळ आला. आक्काचा निरोप आला, की मास्तर सोडायला येणार आहेत. त्या आठवड्यात आबांनी दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. दवानं आणि पाखरांनी पलंगाची दशा झाली होती. त्यांनी पांढरं पडलेलं सगळं पॉलिश खरवडलं, पुन्हा बारीक काचकागद मारला, पुन्हा हात दिले. मग शेजाऱ्याच्या मदतीनं पलंग आत आणला, त्यावर आपली वाकळ अंथरली, उशी ठेवली, वाकळ जरा चुरगाळली. आई म्हणाली, "हे बरं नव्हं." आबा म्हणाले, "तिच्यासाठी करतोय." खोटं काम त्यांनी आयुष्यात तेवढं एकच केलं, आणि तेही किती मन लावून!

आक्का आली. अंगानं थोडी भरली होती. तिनं आईची गळाभेट घेतली आणि मग थेट पलंगापाशी गेली. वाकळ बघितली, उशी बघितली. तिचा चेहरा असा काही उजळला, की मला क्षणभर आबांचं बरोबर आहे असं वाटलं.

"रोज निजता, आबा?"

"रोज," आबा म्हणाले.

आक्का पलंगाच्या बाजूला खाली बसली आणि तिनं कडेच्या पट्टीवरून तळवा फिरवला, जिथं माणूस रोज उठताना मांडी टेकतो आणि हातानं धरतो. तिथलं पॉलिश महिन्या-दोन महिन्यांत मंद होतं. किती पलंगांच्या त्या पट्ट्या तिनं स्वतः घासल्या होत्या. तिचा तळवा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला आणि परत आला. पट्टी लग्नाच्या दिवशी होती तशी गुळगुळीत, तिचा चेहरा दिसेल अशी होती. तिनं तळवा नाकाशी नेला. स्पिरिटचा ताजा वास येत असणार.

"लई चांगला ठेवलाय," ती म्हणाली आणि उठली.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर आईनं तिला पलंगावर निज म्हटलं नाही, आणि तिनंही विचारलं नाही. तिनं माझ्याशेजारी जमिनीवर अंथरूण घातलं. आबा उंबऱ्याशी अंगणाकडे तोंड करून बसले होते. उशी नीट करता करता आक्का अगदी साध्या आवाजात मला म्हणाली, "आबांनाबी भ्या वाटतं. म्हंजी मीच मारलं गं त्याला."

"नाही गं आक्का," मी म्हटलं, "नाही." पण माझ्या नाहीचा तिला काय उपयोग? ज्यांच्या तोंडून तिला ते ऐकायचं होतं ते चार हातांवर बसले होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं, आणि मागं वळून पाहिलं नाही.